पुसट शब्दांचा फर्मा

आमच्या कचेरीतल्या रेडिओला पाच बटणं होती आणि त्यांतलं एक खोटं होतं. बातम्यांच्या वेळी तो रेडिओ रोज लावला जाई, रोज कुणाचा ना कुणाचा हात त्याला लागे. पण उजवीकडचं शेवटचं बटण आत कशालाच जोडलेलं नाही, हे सहा वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते दत्ताराम शिवलकरांनी शोधून काढलं. ते खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या विभागाचे मुख्य होते. एका दुपारी संपादकांच्या खोलीत प्रूफ द्यायला आले, खोलीत माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी पाचही बटणं एकेक करून फिरवली. प्रत्येक बटणानंतर थोडं थांबून कान दिला. मग मला म्हणाले, “चार घरचे, एक पाहुणा.”

हे त्यांचं नेहमीचं वर्गीकरण होतं. हात लावला की उत्तर देतो तो घरचा. नुसता शोभेला बसलेला असतो तो पाहुणा. ही मोजपट्टी ते वस्तूंना लावत तशीच माणसांनाही लावत. मी उपसंपादक म्हणून लागलो त्या पहिल्या महिन्यात माझी नोंद कशात झाली होती, हे मला पुढे त्यांच्या हाताखालच्या हसनभाईंकडून कळलं. ते इथे सांगण्याची गरज नाही.

शिवलकर रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचे. घर मासेमारीचं, दोन्ही भाऊ होडीवर. हे मात्र समुद्रावर गेले की किनारा दिसेनासा होण्याआधीच ओकायला लागत. तीन मोसम वाट पाहून वडिलांनी त्यांना शहरात छापखान्यात आणून सोडलं. त्याबद्दल त्यांना खंत नव्हती. “भावांना दर्या मानवला, मला खिळे मानवले,” एवढंच ते म्हणत. होडीवरची एक सवय मात्र त्यांनी बरोबर आणली होती. त्यांचे वडील होडी पाण्यात लोटण्याआधी तिच्यावरच्या प्रत्येक वस्तूला हात लावून बघत. दोरी ओढून, सुकाणू हलवून, नांगराची गाठ दाबून. होडीवर नाव रंगवलेलं असतं, वेलबुट्टी असते; वादळात ती कामाची नसते. कामाची वस्तू कोणती ते किनाऱ्यावरच कळलेलं बरं, असा त्यामागचा हिशेब. शिवलकर छापखान्यात आल्यावर रोज सकाळी तेच करत. कामाला लागण्याआधी यंत्राचं चाक, फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट, आवळायच्या किल्ल्या, दिव्याचं बटण, नळ, सगळ्यांना एकदा हात लागे.

त्यांचं कौशल्य बघायला बाहेरगावचे लोकही येत. समोर खिळ्यांची केस, म्हणजे शेकडो खणांचा उतरता लाकडी ट्रे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी; ती भरली की ओळी गॅलीवर, म्हणजे लांब पत्र्याच्या ट्रेवर, उतरवायच्या. उजवा हात खणांतून फिरत असे आणि डोळे सगळा वेळ मजकुराच्या कागदावर. उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी कोर्टाच्या इंग्रजी नोटिसा ते बिनचूक जुळवत, कारण अक्षराचा चेहरा ओळखला की झालं, अर्थाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. डावा अंगठा स्टिकच्या दाबाने चपटा झाला होता. उजव्या कानावर तांबडी पेन्सिल. प्रूफात एखादं अक्षर पुसट उठलं की त्याच्याभोवती तांबडा गोल पडे. त्याचा अर्थ ठरलेला होता. खिळा झिजला आहे, काढा आणि मोडीत टाका.

ही तांबडी पेन्सिल पुढे महत्त्वाची ठरली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अण्णांनी, म्हणजे आमचे मालक आणि संपादक यांनी, संगणक घ्यायचं ठरवलं. मुंबईतल्या दोन-तीन छापखान्यांत त्यांनी तो पाहिला होता. पडद्यावर पान दिसतं, बाण सरकवून मजकूर इकडचा तिकडे नेता येतो, खिळे लागत नाहीत. पुढच्या खोलीला पडदे लागले, जमिनीवर जाजम आलं आणि दाराशी पाटी लागली की चपला बाहेर काढाव्यात. हसनभाई शिवलकरांच्या हाताखाली बावीस वर्षं काम करत होते. ते म्हणाले, “चपला काढल्या, अगरबत्ती लावली. आता नवस बोलायचा तेवढा राहिलाय.”

नवस बोलण्यासारखीच परिस्थिती होती. अण्णांनी पाचही जुळाऱ्यांना बोलावून अट सांगितली. आवाज चढवला नाही. मजकूर टाइप करायला दोन टंकलेखिका घेतल्या होत्या. पान लावायचं काम जुळाऱ्यांचं. मुंबईहून शिकवायला बाई येतील, आठ दिवस राहतील. त्यानंतर बुधवारी दुपारी रविवारच्या पुरवणीचं एक पान यंत्रावर लावून दाखवायचं. लागलं तर पाचही जण राहतील. नाही लागलं तर मुंबईहून दोन तयार माणसं येतील आणि खिळ्यांचा विभाग बंद होईल. मुंबईच्या पत्राचा मसुदा त्यांनी आधीच करून ठेवला होता. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

पाच जणांत सर्वांत लहान अडतीस वर्षांचा होता. शिवलकर एक्कावन्नचे. त्या वयात रत्नागिरीत दुसरं काम म्हणजे आंब्याच्या पेट्या ठोकणं किंवा भावाच्या होडीवर जाणं. होडीचं वर सांगितलंच आहे.

शिकवायला आलेल्या नीलिमाबाई पंचविशीच्या होत्या. बोलणं स्पष्ट, हातात जाड इंग्रजी पुस्तक. पहिल्याच सकाळी त्यांनी सांगितलं की पडद्यावर ज्या ज्या गोष्टींमधून माणूस यंत्राला काही करायला लावतो त्यांना कंट्रोल म्हणतात. पान लावणं म्हणजे योग्य वेळी योग्य कंट्रोल वापरणं, एवढंच.

“म्हणजे रेशनच्या दुकानासारखं,” हसनभाई म्हणाले. तिकडे रेशनच्या दुकानालाही कंट्रोलच म्हणत. “कंट्रोलवर गेलं की माल संपलेला असतो.”

बाई हसल्या. शिवलकर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, पडद्यावर एवढ्या रेघा, चौकोन, शब्द दिसतात, त्यांतले कंट्रोल कुठले आणि नक्षी कुठली? बाईंनी चार-पाच दाखवले. शिवलकरांचं समाधान झालं नाही. त्यांनी एक तास यंत्र एकट्याकडे मागून घेतलं. बाई शेजारी बसून राहिल्या. मी दारात होतो.

माऊस त्यांनी पहिल्यांदा खिळा धरावा तसा तीन बोटांनी उचलला. तो टेबलावरच ठेवून सरकवायचा असतो हे सांगावं लागलं. नंतर मात्र काही सांगावं लागलं नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूवर बाण नेऊन एकदा दाबलं. प्रत्येक वेळी थोडं थांबले, रेडिओच्या वेळी थांबले होते तसेच. उजव्या बाजूला एक उभी पट्टी होती. सगळे तिला चौकट समजत होते. शिवलकरांनी तिच्या टोकाच्या बाणावर दाबलं आणि पान वर सरकलं. मग पट्टीतला छोटा चौकोन धरून ओढला तर पान धावलं. बाईंनी ते तोवर शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शिकवायचं म्हणून ठेवलं होतं.

“घरचा,” शिवलकर म्हणाले. बाईंनी या शब्दामागची रेडिओची गोष्ट विचारली आणि तो स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचं जुळलं नाही. एखाद्या रिकाम्या चौकोनाशेजारी त्याचं नाव लिहिलेलं असे. त्या नावावर कितीही दाबलं तरी काही होत नसे. बाई म्हणाल्या, पुस्तकाप्रमाणे तोही कंट्रोलच. शिवलकरांना हे मान्य नव्हतं.

“दाबून काय होत नाय. मग कंट्रोल कसला?”

“पुस्तकात तसं दिलंय, काका.”

“पुस्तक कुणीतरी जुळवलंच असेल ना, बाई. जुळवणारा चुकतो.”

हा वाद तिथेच राहिला. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत पाचही जणांचा हात बऱ्यापैकी बसला. बातमी कापून दुसरीकडे न्यायचा सराव मात्र राहूनच गेला होता. आठव्या दिवशी दुपारी बाई लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत गेल्या. तिथल्या एका कंपनीच्या कचेरीत असंच यंत्र बसवायचं होतं. शुक्रवारपर्यंत त्या तिथे असणार होत्या.

बाई गेल्यावर त्या संध्याकाळी शिवलकरांनी तक्ता केला. पिवळ्या पुठ्ठ्यावर पडद्याचं चित्र काढलं, इंग्रजी शब्द अक्षर बघून जसेच्या तसे उतरवले आणि प्रत्येकापुढे मराठी लिहिलं. कटपुढे ‘काप’, पेस्टपुढे ‘ठेव’, अनडूपुढे ‘उलटव’. अर्थ त्यांनी बाईंना विचारून ठेवले होते. मग एकेकावर दाबून खात्री करत गेले. यादीतले काही शब्द ठळक काळे होते, काही पुसट राखाडी. पडद्यावर एक ओळ निवडलेली होती म्हणून ‘काप’ काळा होता, पण मजकूर जाईल म्हणून तो त्यांनी दाबला नाही; बाकीचे काळे उत्तर देत होते. पुसट शब्दांवर त्यांनी दोनदा, तीनदा दाबलं, काही झालं नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे कानावरची पेन्सिल खाली आली. सात पुसट शब्दांवर तांबडा गोल पडला आणि गोलावर आडवी रेघ. शेवटी लिहिलं, “हे पाहुणे. यांच्या वाटेस जाऊ नये.”

त्या सातांत ‘ठेव’ होता आणि ‘उलटव’ही होता. तक्ता यंत्राच्या वर भिंतीला लागला. बाईंनी तो पाहिला नव्हता. मी पाहिला होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बुधवारी दुपारी अण्णा खुर्ची घेऊन मागे बसले. माऊसवर हसनभाई होते. पहिली चाळीस मिनिटं काम चांगलं चाललं. तीन बातम्या बसल्या, मथळे बसले. मग आरे-वारेच्या रस्त्याची बातमी डावीकडची उजवीकडे न्यायची होती. हसनभाईंनी ती निवडली आणि ‘काप’वर दाबलं. बातमी पडद्यावरून नाहीशी झाली.

खिळ्यांच्या कामात हे होत नाही. बातमी उचलली तर ती हातात असते, शिशाचं वजन मनगटाला जाणवतं आणि ती दुसऱ्या जागी उतरवता येते. इथे ती कुठेच नव्हती. हसनभाईंनी पान वर सरकवलं, खाली सरकवलं. दुसऱ्या जुळाऱ्याने शेजारच्या पानावर बघायला सांगितलं. तिसरा टेबलाखाली वाकला आणि वाकल्यावर आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन उठला. सगळे पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. पडद्यावर त्या क्षणी ‘ठेव’ आणि ‘उलटव’ हे दोन्ही शब्द ठळक काळे झालेले असणार. ती यादी कुणी उघडलीच नाही, कारण तक्त्यावर त्यांच्यावर रेघ होती. शेवटी कुणीतरी यंत्र बंद करून चालू केलं. त्याबरोबर अर्धं लावलेलं पानही गेलं.

अण्णा उठले. म्हणाले, “हसन, बावीस वर्षांत तुझ्या हातून बातमी हरवली नव्हती.”

अण्णांनी शिवलकरांना सांगितलं की पत्र आता टाकावं लागेल. शिवलकरांनी शनिवार दुपारपर्यंत थांबायची विनंती केली. अण्णांनी थोडा विचार केला आणि शनिवारी बारापर्यंत, असं म्हटलं.

गुरुवारी सकाळच्या एसटीने शिवलकर लोट्याला निघाले. पुठ्ठ्याचा तक्ता गुंडाळून काखेत. अण्णांनी मला बरोबर पाठवलं, कारण तिथल्या कामगारांच्या बसबद्दल तक्रार होती आणि तिची बातमी आणायची होती. वाटेत सावर्ड्याला गाडी चहाला थांबली तेव्हा शिवलकरांनी कंडक्टरच्या घंटेच्या दोरीकडे बोट केलं.

“ही दोरी ओढली तर गाडी थांबते काय?”

मी म्हटलं, घंटा वाजते. गाडी ड्रायव्हर थांबवतो.

“आणि आत्ता ओढली तर?”

आत्ता गाडी उभीच होती.

“घंटा वाजेल, पण गाडी काय करील? ती उभीच हाय. म्हणजे दोरीत खोट नाय, वेळेत हाय.” चहा निवला तरी त्यांनी तो प्यायला नाही.

लोट्याला पोचलो तेव्हा पाळी बदलण्याची वेळ होती. कंपन्यांच्या बसेस ओळीने बाहेर पडत होत्या, हवेत औषधी वास होता. फाटकावरच्या माणसाने निरोप आत नेला. नीलिमाबाई जेवणाचा डबा हातात घेऊनच बाहेर आल्या. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर शिवलकरांनी तक्ता उलगडला. बाईंनी तो वरपासून वाचला. मराठी नावं वाचताना हसल्या. तांबड्या गोलांपाशी आल्या आणि त्यांचं हसणं थांबलं.

“हे का खोडलंत?”

“पुसट उठलंय. दाबून बघितलं, तीनदा. काय होत नाय.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “बाई, पुसट असलेला शब्द तो कंट्रोल हाय की नाय?”

“आहे, काका. दिसतोय म्हणजे आहे. फक्त आत्ता त्याचं काम नाही.”

“आत्ता म्हणजे?”

बाईंनी डबा बाकावर ठेवला. “तुमच्या हातात काही नसताना तुम्ही खाली काय ठेवणार? आधी काहीतरी कापलं पाहिजे. कापलं की तुमचा ‘ठेव’ आपोआप काळा होतो.”

शिवलकर बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले. त्यांचा डावा हात स्टिक धरल्यासारखा अर्धा मिटला होता.

“रिकामी स्टिक,” ते म्हणाले. “रिकाम्या स्टिकमधून गॅलीवर काय उतरवणार. एवढं मला कळू नये.”

बाई म्हणाल्या की चूक त्यांचीही होती; पुसट शब्दांबद्दल त्यांनी सांगायला हवं होतं. त्यांना ते इतकं उघड वाटलं की सांगायचं राहिलं. शिवलकरांनी हे मानलं नाही. मग त्यांनी जुना वाद काढला. चौकोनाशेजारची नावं, दाबून काही न होणारी, तीसुद्धा कंट्रोल का? बाईंनी विचारलं की पानावर जिथे मजकूर नसतो तिथे तुम्ही काय लावता. शिवलकरांनी सांगितलं, लाकडी ठोकळे. ते छापले जातात का? नाही. मग काढून टाकले तर? ठोकळे काढले तर फर्मा सुटतो आणि सगळे खिळे जमिनीवर येतात, हे छापखान्यात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

“नाव पुसलं तर कुठल्या चौकोनात काय भरायचं ते कुणाला कळणार?” बाई म्हणाल्या.

“बरं,” शिवलकर म्हणाले. “पुस्तक जुळवणारा चुकला नाय.”

परतीच्या गाडीत त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. उद्या खिळ्यांच्या यंत्रावर काही काम लावलं आहे का? नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चौघांना केसपाशी बोलावलं. तक्ता टेबलावर पसरला आणि सांगितलं की बुधवारची चूक माझी, हसनची नाही. तो तक्त्यावर विसंबला आणि तक्ता मी केला होता. विभागाचा मुख्य हे बोलतो आहे, याची कुणाला सवय नव्हती.

“तुमच्या तक्त्यानं माझी बातमी खाल्ली, दत्तूदादा,” हसनभाई म्हणाले. “बावीस वर्षं मी तुमच्या प्रुफावर चालतोय. आता पडद्यावर चालीन.”

“चाल मेल्या,” शिवलकर म्हणाले आणि स्टिक हातात घेतली.

त्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली ती चारला आली. यंत्राच्या खोलीत जाण्याचा प्रश्नच नव्हता. एरवीही यंत्र एक आणि माणसं पाच, प्रत्येकाच्या वाट्याला वेळ थोडाच येई. शिवलकरांनी पडदा खिळ्यांत जुळवायला घेतला. पितळी रेघांची चौकट, आत चौकोन, उजवीकडची उभी पट्टी, वरचे इंग्रजी शब्द, खाली उघडणारी यादी. चौकोनांशेजारची नावं त्यांनी मुद्दाम मोठ्या खिळ्यांत घेतली. ठळक शब्दांना नवे खिळे वापरले. पुसट शब्दांना काय वापरावं, यावर ते थोडा वेळ थांबले. मग मोडीत काढलेल्या खिळ्यांचा डबा ओतला. वितळवायला जायचे ते खिळे, चेहरे झिजलेले. त्यांतून त्यांनी अक्षरं वेचून काढली आणि ‘ठेव’ आणि ‘उलटव’ जुळवले. छापल्यावर ते शब्द पडद्यावर दिसत तसेच उठले, राखाडी आणि वाचता येण्याइतके.

असे चार फर्मे झाले. काहीच निवडलेलं नसताना पडदा कसा दिसतो. मजकूर निवडल्यावर कसा दिसतो. कापल्यावर कसा दिसतो. ठेवल्यावर कसा दिसतो. प्रत्येक फर्म्यात पुसट शब्द वेगळे. एका फर्म्यात झिजलेल्या खिळ्यांतला ‘ठेव’ पुढच्या फर्म्यात नव्या खिळ्यांत. पायाने चालवायच्या छोट्या यंत्रावर त्यांनी प्रत्येकाच्या पाच प्रती काढल्या. खाली एक ओळ जुळवली होती: “पुसट शब्द खोडू नये. वाट पाहावी.”

दुपारभर पाचही जण खिडकीच्या उजेडात त्या कागदांवर बसले. खोडरबर हा माऊस. शिवलकर हुकूम सोडत: बातमी उचल. ज्याची पाळी तो खोडरबर ‘काप’वर ठेवी, तोंडाने टक म्हणे आणि दुसरा कागद बाजूला सारून तिसरा समोर घेई. मग त्याला विचारलं जाई की आता कोण जागा झाला. हसनभाईंनी सुरुवातीला टक म्हणायला नकार दिला. अर्ध्या तासाने त्यांचा टक सगळ्यांत मोठा होता. आत टंकलेखिका हसत होत्या. वीज आल्यावर ते खोलीत गेले तेव्हा दारात चपलांच्या पाच जोड्या होत्या आणि खोलीतून कुणाचा आवाज येत नव्हता.

शनिवारी अकराला अण्णा पुन्हा खुर्ची घेऊन बसले. भिंतीवर तक्ता नव्हता. माऊसवर हसनभाईच होते. शिवलकरांनी तसा आग्रह धरला होता. ते स्वतः मागे, हात पाठीशी बांधून उभे. पान लागत गेलं. साडेअकराच्या सुमारास अण्णांनी मुद्दाम सांगितलं, “ती वरची बातमी खाली घ्या.”

हसनभाईंनी बातमी निवडली आणि कापली. ती पडद्यावरून गेली. या वेळी कुणाचे डोळे भिंतीकडे गेले नाहीत. हसनभाईंनी यादी उघडली.

“काय दिसतंय?” शिवलकरांनी विचारलं.

“काळा झालाय.”

“मग बघत काय बसलास.”

हसनभाईंनी खालची जागा दाखवली, दाबलं, आणि बातमी तिथे येऊन बसली. अण्णा पुढे वाकले. बातमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली, एखादा शब्द गळला आहे का ते बघितलं. मग विचारलं, “मधल्या वेळात ही होती कुठे?”

“हातात होती, अण्णा,” शिवलकर म्हणाले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना पान छापून निघालं. अण्णांनी ते उजेडात धरून पाहिलं, एका मथळ्यातली काना-मात्रेची चूक दाखवली आणि उठले. जाताना टपालाच्या ट्रेमधलं मुंबईचं पाकीट त्यांनी काढून आपल्या खणात ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. ते पाकीट ट्रेमध्ये नाही, हे टपाल नेणाऱ्या माणसाने येऊन सांगितलं तेव्हा विभागाला कळलं. शिवलकर त्या वेळी नळावर हात धूत होते. सवयीने, कारण शिसं हाताला लागतं. त्या दिवशी हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

पाचही जण राहिले. एकाने वर्षभरात स्वतःहून प्लेट बनवायच्या विभागात बदली मागितली. पडद्याने डोळे चुरचुरतात म्हणाला. बाकीचे चौघे पानं लावू लागले. खिळ्यांच्या केस एकेक करून रिकाम्या झाल्या आणि खिळे वितळवायला गेले. शुक्रवारचे ते चार फर्मे मात्र शिवलकरांनी सोडवले नाहीत. सुतळीने बांधून फळीवर ठेवले. त्या छापखान्यात खिळ्यांत जुळलेलं ते शेवटचं काम. बाईंनी त्यांच्या प्रती मागून नेल्या आणि पुढे जिथे जिथे जुळाऱ्यांना शिकवायला गेल्या तिथे त्या बरोबर नेल्या, असं त्यांच्या पत्रावरून कळलं. पत्रात त्यांनी विचारलं होतं की रेडिओवरचा पाहुणा अजून आहे का. शिवलकरांनी मला उत्तर लिहायला सांगितलं: आहे, पण त्याला आता काही म्हणत नाही.

मी रत्नागिरी सोडली त्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला छापखान्यात गेलो. चिपळूणच्या एका छापखान्याने आपले दोन जुळारी शिकायला पाठवले होते. दोघेही पन्नाशीचे, दोघांच्याही कानावर पेन्सिल. शिवलकर त्यांच्यामध्ये बसले होते, समोर पडदा आणि टेबलावर पहिल्या फर्म्याचा कागद. मी दारात चपला काढत होतो तेव्हा त्यांतला एक म्हणाला, “इथं पुसट उठलंय हो. खिळा झिजलेला दिसतो.” आणि त्याचा हात कानाकडे गेला.

शिवलकरांनी त्याच्या हातातली पेन्सिल सावकाश काढून घेतली आणि आपल्या दुसऱ्या कानावर ठेवली.

“दाबून बघ,” ते म्हणाले.

त्या माणसाने पडद्यावर दाबलं. काही झालं नाही. त्याने शिवलकरांकडे बघितलं. शिवलकरांनी मला हाताने बस अशी खूण केली, पण माझी गाडी साडेचारची होती आणि चार वाजून गेले होते. मी उभ्यानेच निघतो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळले. दोन्ही कानांवर पेन्सिली होत्या. दारातून मागे पाहिलं तेव्हा त्यांनी एक ओळ निवडायला सांगितली होती आणि तिघेही पुढे वाकून यादी उघडायची वाट बघत होते.